पडद्यावरचा मासा आणि काट्यावरचा मासा



वजनाच्या काट्यावर आपण कसे फसलो, आडतीत कसे फसलो, उक्त्या सौद्यात कसे फसलो, हे आपल्या बैठकांतून पुष्कळ बोलून झाले आहे. आज फसवणुकीची एक नवीन जागा दाखवायची आहे. ती मोबाईलच्या पडद्यावर आहे. विषय लहान वाटेल. शेततळ्यातले मासे म्हणजे कापूस नव्हे, ऊस नव्हे, कांदाही नव्हे. पण ज्याच्या घरी दोन-तीन क्विंटल मासे निघतात त्याच्या घरी मुलीची फी त्यातून जाते, खरिपाचे बियाणे त्यातून येते. म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचे शेततळे तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल, प्लॅस्टिक अंथरलेले. त्यात सातशे बोटुकली सोडली होती. कटला, रोहू, मृगळ, असे नेहमीचे मिश्रण. एप्रिल लागला, डाळिंबाला पाणी चालू होते, तळ्यातली पातळी रोज उतरत होती. मासा काढायलाच हवा होता. एक व्यापारी आला. चांगला बोलका माणूस. त्याने खिशातून पोराच्या खेळण्यातल्या चेंडूएवढा एक गोळा काढला, गळाच्या काठीला बांधला, पाण्यात फेकला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"पाटील, बघा. यंत्र खोटं बोलत नाही. तुमच्या तळ्यात मासा कमी आहे. निम्मी पिल्लं बगळ्यांनी नेली. मी अठरा हजार उक्ते देतो, जाळं माझं, माणसं माझी."

त्याने तीन ठिकाणी गोळा टाकला. पडदा जवळजवळ रिकामा होता. एखाददुसरी रेघ, बस्स. खरे सांगतो, मी डगमगलो. पाणी उतरत असताना मासेवाल्याची मान कापली गेलेलीच असते. अठरा तर अठरा, असे तोंडापर्यंत आले होते.

तेवढ्यात आमच्या वहिनी बांधावरून बोलल्या, "भाऊजी, रोज सकाळी कोंडा-पेंड मी टाकते. पाणी कसं उकळल्यागत होतं ते मी बघते. त्या गोळ्यानं काय बघितलं?"

वहिनींच्या या एका प्रश्नाने माझे अठरा हजार तोंडातच राहिले. प्रश्न बरोबर होता. त्या गोळ्याने काय बघितले? हे समजून न घेता सौदा करणे म्हणजे काटा न बघता पोते उचलू देणे. पुतण्या कॉलेजात शिकतो, गळ टाकायचा नादही त्याला आहे. त्याच्या मित्राकडे असाच गोळा होता. त्याने व्यापाऱ्याकडे मोबाईल मागितला आणि पडद्यावरची एक पट्टी मला दाखवली. पट्टी निम्म्याहून खाली होती. त्याने ती वर सरकवली. त्याच जागी, त्याच पाण्यात, क्षणात पडदा माशांच्या चित्रांनी भरून गेला.

"काका, आता सांगा, कोणतं खरं?"

दोन्ही खोटे होते. ते कसे, ते सांगतो.

यंत्र काय करते?

या यंत्राला सोनार म्हणतात. पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, एवढेच त्याचे काम. विहिरीत तोंड घालून आपण हाक मारतो आणि ती परत येते, तोच प्रकार. फक्त याचा आवाज आपल्या कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचा असतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ही विद्या वाढली. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधण्याचे यंत्र कोळ्यांसाठी बाजारात आणले. तेव्हा ते बोटीवर बसवायचे धूड होते. आता लिथुआनिया देशातली डीपर नावाची कंपनी आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या शंभर ग्रॅमच्या आसपासचा गोळा विकतात. काठीने फेकायचा, तो पाण्यावर तरंगतो आणि रेडिओ लहरींनी मोबाईलला खबर देतो. रेडिओ लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून गोळा तरंगलाच पाहिजे. दोरी ओढून तो बुडवला की मोबाईलशी बोलणे बंद.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तीन मीटर खोल तळ्यात तळाला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र खोली सांगते. ही गोष्ट ते उत्तम करते. मासा दिसतो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जोरात आपटून परत येतो. मग पाण्यातला हवेचा बुडबुडाही तसाच दिसतो. शेवाळाच्या गुंत्यात अडकलेली हवा तशीच दिसते. प्लॅस्टिकखाली कुजलेल्या गाळातून वर येणारा वायूही तसाच. यंत्राला ऐकू येतो तो फक्त प्रतिध्वनी. त्यावर माशाचे चित्र चिकटवण्याचे काम मोबाईलमधला हिशेब करतो.

आणि ती पट्टी? ती संवेदनक्षमतेची. खाली नेली की बारीक प्रतिध्वनी यंत्र सोडून देते आणि मासे नाहीसे होतात. वर नेली की बुडबुडा आणि कचरासुद्धा मासा होतो. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हातात मोबाईल असेल तर तळे रिकामे, आणि विकणाऱ्याच्या हातात असेल तर तळे भरलेले. त्या व्यापाऱ्याने पट्टी मुद्दाम खाली ओढली होती की तशीच राहिली होती, मला माहीत नाही, आणि मी त्याच्यावर आळही घेत नाही. काटा कोणाच्या हातात आहे हा आपला जुना प्रश्न मात्र इथेही सुटत नाही.

अर्धा टक्का पाणी

दुसरी गोष्ट हिशेबाची. ती कागदावर करून बघा, कोणाचा शब्द मानू नका.

गोळा खाली पाहतो तो विजेरीच्या झोतासारखा. वर टोक, खाली पसरत जाणारा शंकू. एका प्रचलित नमुन्यात दोन झोत आहेत, एक १५ अंशांचा अरुंद आणि दुसरा ५५ अंशांचा रुंद. तीन मीटर खोलीवर अरुंद झोताचे वर्तुळ पाऊण मीटरहून थोडे मोठे होते. रुंद झोताचे सुमारे तीन मीटरचे.

आपले तीस बाय तीस बाय तीनचे शेततळे, बाजूंचा उतार दीडास एक धरला, तर पूर्ण भरल्यावर त्यात १,९७१ घनमीटर पाणी मावते. रुंद झोताच्या शंकूत पाणी येते साधारण साडेसात घनमीटर. म्हणजे एका फेकीत तळ्याचे अर्धा टक्काही पाणी दिसत नाही. अरुंद झोतात तर अर्धा घनमीटर, म्हणजे चार हजारांतला एक भाग. तीन फेकी करून "तुमच्या तळ्यात मासा नाही" म्हणणे म्हणजे एक एकर तुरीतल्या तीन शेंगा सोलून उतारा सांगणे.

बरे, तेवढ्या पाण्यातले तरी सगळे दिसते का? तेही नाही. कटला वरच्या थरात राहतो. शंकू वर अगदी निमुळता असतो, शिवाय गोळ्याच्या लगतचे पाणी त्याला नीट वाचताच येत नाही. त्यामुळे कटला बहुतेक निसटतो. मृगळ तळाला चरतो. तळाचा प्रतिध्वनी इतका जोरदार असतो की त्याला चिकटून असलेला मासा त्यात बुडून जातो. राहिला रोहू, तो मधल्या थरातला. शेततळ्याला चारही बाजूंनी उतार असतात, रुंद झोत त्या उतारावर आधी आपटतो आणि उताराच्या पायथ्याचे मासे झाकून टाकतो. मोठ्या जलाशयात मैदानासारखा तळ असतो, तिथे हे चालून जाते. लहान तळे म्हणजे सगळा काठच.

आणि उलट बाजूनेही फसगत आहे. पडदा सतत डावीकडे सरकत असतो. उजव्या कडेला आत्ताचे दिसते, डावीकडे होऊन गेलेले. गोळा एका जागी उभा असताना त्याच्याखाली एकच मासा रेंगाळला तर लांबच लांब रेघ उमटते. तोच मासा तीनदा येऊन गेला तर तीन मासे दिसतात. म्हणून "शंभर मासे दिसले" म्हणून हुरळून जाणाऱ्या शेतकऱ्यानेही जरा थांबावे. या यंत्राने लहान तळ्यातला मासा मोजता येत नाही. विकणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही.

मग आम्ही काय केले?

व्यापाऱ्याला चहा पाजला आणि सांगितले की सौदा किलोवर होईल, उक्ता होणार नाही. तो निघून गेला. पुढचे नऊ दिवस मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करतो. पाणी उतरत होते. पहाटे मासे वर येऊन तोंड वासू लागले तर संपलेच होते, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. रोज पहाटे मी आणि पुतण्या पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडत होतो.

त्या दिवसांत आम्ही जुनीच रीत वापरली. फेकजाळ्याने वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पंचवीस मासे धरले, पाण्याच्या टबात ठेवून तोलले आणि परत सोडले. वजन भरले अठरा किलो, म्हणजे सरासरी ७२० ग्रॅम. सातशेतले शेकडा ६५ जगले असावेत असे धरले तर ४५५ मासे. गुणाकार केला तर तीन क्विंटल सत्तावीस किलो.

दहाव्या दिवशी दुसरा गिऱ्हाईक आला. काटा आमचा, जाळे आमचे, भाव ९५ रुपये किलो. मासा निघाला तीन क्विंटल बारा किलो. पैसे झाले २९,६४०. जाळ्याची आणि माणसांची मजुरी अडीच हजार वजा केली तरी २७,१४० हातात राहिले. अठरा हजार उक्त्याच्या तुलनेत नऊ हजारांवर जास्त. एका कुटुंबाच्या एका तळ्याची ही गोष्ट. आमचा अंदाज पंधरा किलोंनी चुकला, पण तो पंचवीस माशांच्या वजनावर उभा होता. पडद्यावरचा अंदाज एका पट्टीवर उभा होता.

यंत्राला विरोध नाही

आता काही मंडळी म्हणतील, हा म्हातारा यंत्राच्या विरोधात बोलतो आहे. मुळीच नाही. नवे तंत्र शेतकऱ्याच्या दारात यायला हवे आणि ते घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याचा, ही आपली भूमिका आहेच. माझे म्हणणे एवढेच की यंत्राला त्याचे काम सांगावे. बैलाला दूध मागू नये.

व्यापारी गेल्यावर पुतण्याने मित्राचा गोळा आणून आमच्या तळ्यावर आणि गावतळ्यावर आठवडाभर फिरवला. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिले काम खोलीचे. हे यंत्र काठावर उभे राहून खोली सांगते, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. ओले प्लॅस्टिक पायाखाली साबणासारखे सरकते, पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. खोली बघायला, बांबू धरायला कोणीही पाण्यात उतरू नये. ज्यांच्याकडे गोळा नाही त्यांनी एक दोर आडवा ताणून त्यावरून गाठी मारलेली दोरी आणि ओळंबा सोडावा. गाठ एकेक फुटावर. खर्च शंभर रुपयांचा आणि आकडा यंत्राइतकाच खरा. आणि प्रत्येक तळ्यात काठापासून तळापर्यंत गाठींचा एक दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायमची बांधलेली असलीच पाहिजे.

दुसरे काम जाळ्याचे. गावतळ्यात वेड्या बाभळीची खोडे, जुने दगड, बुडालेली काटेरी झुडपे असतात. ओढजाळे अडकते, फाटते आणि त्या गोंधळात अर्धा मासा निसटतो. गोळा पलीकडे फेकून सावकाश ओढत आणला तर तळाची रेघ पडद्यावर उमटत जाते, आणि खोड असेल तिथे ती उचलली जाते. दोन्ही काठांवर खुणेचे खुंट मारून ठेवावेत आणि जाळे त्या पट्ट्यातून ओढू नये. एक जाळे वाचले तरी खूप झाले.

तिसरे काम गाळाचे. इथे एक मेख आहे. यंत्र सांगते ते गाळाच्या वरपर्यंतचे पाणी. गाळ किती जाड आहे हे ते भरवशाने सांगत नाही. गावतळ्यात होडीतून बांबू टणक जमीन लागेपर्यंत दाबावा, त्यातून यंत्राची खोली वजा करावी, उरतो तो गाळ. आमच्या गावतळ्यात कागदावर तीन मीटर होते, पाणी भरलेले असताना मधोमध निघाले एक मीटर ऐंशी.

हा आकडा का महत्त्वाचा? एक एकराच्या, म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या तळ्यात अर्धा मीटर गाळ असेल तर तो दोन हजार घनमीटर झाला, म्हणजे सुमारे सातशे ब्रास. राज्यात २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना सुरू झाली. त्याआधी २०१६ साली "मागेल त्याला शेततळे" आली, तिच्यात अनुदानाची मर्यादा सुरुवातीला पन्नास हजार होती. दोन्हींच्या हिशेबाचा गाभा एकच, किती खोल आणि किती घनमीटर. गावाने आपली मोजणी आपण करून ग्रामसभेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवली, तर काम सुरू होण्याआधीचा आणि झाल्यानंतरचा फरक कोणी सांगायची गरज उरत नाही. मोजणी ज्याच्या वहीत असते त्याच्याशी अधिकारीही अदबीने बोलतात, हा माझा अनुभव आहे.

चौथे, गळ टाकणाऱ्यांसाठी. पुतण्याचा आग्रह आहे म्हणून लिहितो. लहान तळ्यात गोळा माशांच्या डोक्यावर टाकू नये, धपकन आवाजाने मासा पांगतो. जागेच्या पलीकडे टाकून हळू ओढावा. शंभर ग्रॅमचा गोळा बारीक दोरीवर जोराने फेकला तर दोरी तुटते आणि पाच आकडी किमतीचे यंत्र तळ्याच्या मधोमध तरंगत बसते. ते आणायला कोणीही पाण्यात उडी मारू नये. मासा शोधायच्या आधी तळ शोधावा. पाणी येण्याच्या तोंडाशी, उतार संपून सपाट तळ लागतो तिथे, बुडालेल्या झुडपाशेजारी गळ टाकावा. एवढे एकदा कळले की पुढच्या वेळी गोळा घरी ठेवला तरी चालते.

शहरातून गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना एक विनंती. गावतळे ओसाड नसते. त्याचा ठेका कोणीतरी घेतलेला असतो, बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने, आणि बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेले असते. विचारून या. फी ठरवून या. शेतकऱ्यानेही लाजू नये. तळ्यावर दिवसभर बसायची फी घेणे हा सरळ धंदा आहे.

घ्यावे की न घ्यावे?

एका शेततळ्यासाठी हे यंत्र विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तळे एकदा मोजले की वर्षभर त्याची खोली बदलत नाही, बदलते ती पाण्याची पातळी, आणि ती काठावर रंगाने आखलेल्या पट्टीवर दिसते. या यंत्रात पाण्याचा प्राणवायू दिसत नाही, माशाचा रोग दिसत नाही, वजन दिसत नाही. तळेवाल्याच्या जिवाला घोर असतो तो याच तीन गोष्टींचा. तेवढ्या पैशांत एक चांगला तोलकाटा, एक फेकजाळे आणि वर्षभराची पेंड येते. गावात पंधरा-वीस तळी असतील आणि एक गावतळे असेल तर गटाने मिळून एक यंत्र घेणे मात्र शहाणपणाचे ठरेल.

जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, शेततळ्यातल्या माशाचा सौदा किलोवरच करायचा, उक्ता करायचा नाही. फारच निकड असेल तर आधी पंचवीस माशांचे वजन काढायचे आणि मगच आकडा उच्चारायचा. दोन, कोणी पडदा दाखवून भाव पाडू लागला तर मोबाईल आपल्या हातात मागायचा आणि पट्टी कुठे आहे ते बघायचे. दिला नाही तर सौदा तिथेच थांबवायचा. तीन, प्रत्येक गावाने आपली तळी यंत्राने नाहीतर गाठीच्या दोरीने मोजून वही तयार करायची, आणि त्याच फेरीत प्रत्येक शेततळ्यावर दोर आणि ट्यूब आहे की नाही ते तपासायचे.

पुतण्या बैठकीला गोळा घेऊन येणार आहे. बैठकीच्या जागेजवळच्या तळ्यावर ती पट्टी खाली-वर करून तो सगळ्यांना दाखवील. वहिनीही येणार आहेत. मासे किती आहेत ते पेंड टाकून कसे ओळखायचे, हे त्यांनाच विचारा.